मोराचा डोळा

गारखेडा, ९ एप्रिल

माऊली,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची आपल्याकडची पद्धत. लिहायला घेतलं आणि खोडलं. धाकटा भाऊ आहेस, नुसतं नाव लिहिलंय ते समजून घे.

श्रेया काल घाटी दवाखान्यातून घरी आली. तुला कळवावं की नाही यावरनं तुझ्या दाजींचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले, "त्याला आता काय करायचंय?" मी म्हटलं, करायचं काही नसलं तरी त्याला माहीत असलं पाहिजे. तुझा फोन बंद. आईला लावला तर ती नुसती रडते. म्हणून पोस्टानं लिहिते. खुलताबादचा पोस्टमन आपल्या मळ्यापर्यंत येत नाही, पण फाट्यावरच्या दुकानात कागद ठेवून जातो.

पोरगी चालते, पण भिंत धरून. बोलते, पण शब्द जड होऊन येतो, जीभ सुजल्यासारखा. पेला धरला की हात थरथरतो, निम्मं पाणी अंगावर. डॉक्टर म्हणाले, उष्माघातानं मेंदूच्या मागच्या भागाला धक्का बसलाय, तोल आणि बोलणं तिथनं चालतं. लहान आहे म्हणून सुधारेल. किती, ते त्यांनाही सांगता येत नाही.

त्या दिवशी मी तिथं नव्हते. जे कळलं ते तुकड्यातुकड्यानं. शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन, मंत्री येणार, म्हणून मैदानावर लेकरांचा मोर करायचा आणि वरून ड्रोननं त्याचा फोटो काढायचा. रचना तुझी. क्रीडाशिक्षक तूच, तर ती तुझीच असणार. निळे, हिरवे शर्ट. टोपी घालायची नाही, वरून रंग बिघडतो. मंत्री सकाळी यायचे ते दुपार झाली तरी आले नाहीत, आणि मोर तसाच उभा राहिला. मार्चअखेरचं ऊन आपल्याला काय माहीत नाही का माऊली? त्या उन्हात आपण कांदा काढायलासुद्धा बाहेर पडत नाही.

लेकरं मध्ये खाली बसायला लागली होती म्हणे. कुणाचं तरी ऐकून तू शिट्टी मारून परत उभी केलीस.

त्या शिट्टीशी येऊन माझं डोकं थांबतं. श्रेया तुझी भाची. कर्णपुऱ्याच्या जत्रेत तुझ्या खांद्यावर बसून फिरलेली. ती पडली तेव्हा तूच तिला उचलून पळालास, घाटीच्या दारात तूच ओरडत होतास, हेही मला सांगितलं लोकांनी. मग त्याआधी काय झालं होतं तुला? तिसरा कुणी असता तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मला एवढंच विचारायचंय. तू का ऐकलंस?

तुमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब घाटीत येऊन गेले. परवा घरीही आले होते, श्रेयाला आणायच्या आदल्या दिवशी. चांगलं बोलले. विशेष काही नाही.

करुणा


गारखेडा, २७ एप्रिल

माऊली,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. आई म्हणाली की तू दिवसभर विहिरीच्या कडेला बसतोस आणि जेवायला बोलावलं तरच उठतोस. तिनं सांगितलं म्हणून कळलं, मी विचारलं नव्हतं.

श्रेया त्या दिवसाबद्दल बोलली. मी खोदून विचारलं नाही. डोक्याला तेल लावत होते, तिनं आपणहून सुरुवात केली.

"मम्मी, मी मोराचा डोळा होते."

मी म्हटलं, होतीस.

"मामा म्हणाला, डोळ्यात एकच जण उभं राहतं. तू बसलीस तर मोर आंधळा होईल."

तिचं एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. मध्ये बोललं तर चिडते, म्हणून मी तेल जिरवत राहिले.

"मी मामाला सांगितलं, चक्कर येतीय. मामानं कपाळाला हात लावला. मग मॅडमकडं गेला. परत आला तर म्हणाला, थोडंच राहिलंय, माझं बाळ शहाणंय."

"मग तू बसायचं होतंस ना गं. कोण काय करणार होतं?"

ती म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना. मामा सांगेल ते ऐक."

मी उठून आत गेले. हाताला तेल होतं म्हणून, असं तिला सांगितलं.

भानुमती मॅडम येऊन गेल्या. या वर्षी निवृत्त व्हायच्या आहेत, मुख्याध्यापिका म्हणून हा त्यांचा शेवटचा मोठा कार्यक्रम होता. श्रेयाजवळ बसल्या, तिच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. निघताना मला दाराबाहेर म्हणाल्या, "माऊली सर माझ्याकडं आले होते. पहिल्यांदा मी थांबा म्हणाले. परत आले तेव्हा मी भाऊसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, ताफा छावणीपर्यंत आलाय, आता रचना मोडायची नाही, कुणी खाली बसता कामा नये. मी सरांना तेच सांगितलं."

मी विचारलं, "तुम्ही सावलीत होता ना मॅडम? समोर सगळं दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली. म्हणाल्या, "खरं सांगू का करुणाताई, फोन लावला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता ही गोष्ट त्यांच्याकडं गेली, असं वाटलं."

त्या रिक्षात बसून गेल्या. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, आणि का आला नाही ते मला माहीत आहे. पण ते आज लिहीत नाही.

तू दोनदा विचारायला गेलास हे आधी कळलं असतं, तर पहिला कागद जरा वेगळा लिहिला असता. पण मग हेही येतं मनात. विचारायला गेलास म्हणजे तुला दिसत होतं.

करुणा


गारखेडा, १९ मे

माऊली,

पहिल्या कागदात मी लिहिलं होतं, भाऊसाहेब घरी आले, विशेष काही नाही. ते खोटं होतं.

ते आले तेव्हा दाजी नुकतेच कॉलेजातून आले होते. भाऊसाहेबांच्याच कॉलेजातनं, अजून शर्टही बदलला नव्हता. भाऊसाहेब आत आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. आम्ही दोघं उभे राहिलो. आपल्याच घरात, माऊली. त्यांनी बसू नका असं काही म्हटलं नव्हतं. दाजी दाराच्या चौकटीला टेकून, मी स्वयंपाकघराच्या तोंडाशी. मी पदर सारखा करत होते हे मला मागाहून कळलं.

आधी त्यांनी श्रेयाचं विचारलं. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं मी बघतो म्हणाले. आवाज कसा असतो त्यांचा, तुला ठाऊक आहे. कधी चढत नाही. मग म्हणाले, "पोरीला आदल्या दिवशी ताप होता ना?"

मी म्हटलं, "नव्हता साहेब."

"असंल थोडा. आईच्या ध्यानात येतोच असं नाय. कामाची गडबड असती."

ते पुढं बोलत राहिले.

"चौकशी लागलीय. तिथं तू एवढं सांग की अंग कोमट होतं, पण पोरीनं हट्ट केला म्हणून पाठवली. मग माऊलीवरचं ओझं हलकं होतंय. तुझा भाऊ हाय. त्याला वाचवायचं का नाय?"

मी म्हणाले, "हो साहेब."

दम नव्हता, शिवी नव्हती. दाजींच्या नोकरीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. ते सांगत होते आणि मी ऐकत होते, आणि शेवटाला जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं. 'हो' आधी बाहेर पडलं, विचार मागून आला. लहानपणापासून बाबांच्या तोंडून, तुझ्या, दाजींच्या तोंडून ते नाव निघालं की आपण आवाज खाली करतो. छावणीच्या मैदानावर तू सैन्यभरतीसाठी पळायचास, उंचीत बाद झालास, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपलास. तेव्हा भाऊसाहेबांनी तुला शाळेत घेतलं. त्यांना कुणी 'नाही' म्हटल्याचं आपल्या घरात मला आठवत नाही. तशी वेळच कधी आली नाही असं आपण धरून चाललो होतो.

ते गेल्यावर मी चहाचे कप विसळले. आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण होतं तसं. हलकं वाटत होतं. आता मला काही ठरवायचं नाही, काय बोलायचं ते ठरलंय.

भानुमती मॅडम दारात तेच म्हणाल्या तेव्हा मी ओळखलं. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं.

महिनाभर तुला विचारत बसले, का ऐकलंस. तुझ्या डोक्यावर निदान ऊन होतं, गर्दी होती, मंत्री येणार होता. मी घरात पंख्याखाली होते.

परवा बुद्धभूषण सर भेटले, सूतगिरणी चौकात औषधाच्या दुकानात. आठवीचे वर्गशिक्षक. त्यांची पोरं मोराच्या पिसाऱ्याच्या कडेला होती, आणि ते त्यांना अर्ध्यातच लिंबाखाली घेऊन गेले होते. पिसाऱ्याची एक बाजू फोटोत नाहीच. शाळेनं त्यांना नोटीस दिलीय. मी विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. नोटीस आली तेव्हापासून झोप नाही नीट."

"मग कसं नेलं?"

ते म्हणाले, "मी विचारायलाच गेलो नाही ताई. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आणि एकदा नाही ऐकल्यावर ते मोडायची माझ्यात धमक नाही. मला माझं माहीत आहे. म्हणून आधी पोरं हलवली."

मग म्हणाले, "बाकीच्या वर्गांना हाक मारायला पाहिजे होती. ते नाही सुचलं. माझीच घेऊन गेलो."

औषधं घेऊन घरी आले. तेव्हापासून हेच चाललंय डोक्यात.

करुणा


गारखेडा, २२ जून

माऊली,

परवा चौकशी झाली. शाळेच्या नव्या हॉलमध्येच, ज्याचं उद्घाटन होतं त्याच. तू आला नाहीस. तुझा जबाब वाचून दाखवला.

"मला कोणाचाही आदेश नव्हता. विद्यार्थ्यांना उभे ठेवण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता."

'सर्वस्वी' हा शब्द तू जन्मात कधी बोलला नाहीस. तो कुणी घातला ते मी ओळखलं, आणि तू तो कसा लिहिलास तेही. खुर्चीवर ते बसले असतील आणि तू उभा.

भानुमती मॅडमना विचारलं, फोन केला होता का. त्या म्हणाल्या, "आठवत नाही." चौकशीला आलेल्या अधिकारी बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मॅडमनी मान वर केली नाही. बुद्धभूषण सरांनी जे होतं ते सांगितलं, पण फोन त्यांनी ऐकलेला नव्हता.

मग माझं नाव घेतलं.

मी काय सांगणार आहे हे घरात कुणालाच बोलले नव्हते. दाजींनाही नाही. त्यांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, नवऱ्यासारखं, काळजीनं. आणि मी बसले असते ऐकून. भाऊसाहेब पहिल्या रांगेत होते. मला बघून मान हलवली, आपल्या माणसाला हलवतात तशी.

बाईंनी विचारलं, "मुलीला आधीपासून ताप होता का?"

मी म्हटलं, "नाही. सकाळी पोहे खाऊन, चांगली उड्या मारत गेली."

"संस्थेचं म्हणणं वेगळं आहे."

"ते भाऊसाहेबांनी मला सांगायला सांगितलं होतं. घरी येऊन. आणि मी हो म्हणाले होते."

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. भाऊसाहेब मागं न बघता म्हणाले, "करुणा, खाली बस."

माऊली, मी बसले. खरंच बसले. गुडघे आपोआप वाकले. बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, मला तर बाईंनी उभं केलंय. मग परत उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. जे राहिलं होतं ते तसंच धरून बोलले. मॅडम दारात काय म्हणाल्या तेही सांगितलं. मॅडम रडायला लागल्या, पण बोलल्या नाहीत.

बाई म्हणाल्या, क्रीडाशिक्षकांना समक्ष ऐकल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तुला बोलावणं येईल. ये म्हणून मी सांगणार नाही. सांगितलं की तू येशील, आणि मी सांगितलं म्हणून आलेला तू मला नको आहेस.

दाजींची बदली झालीय. संस्थेच्या सोयगावच्या शाखेत. दाजी माझ्याशी बोलत नव्हते. काल रात्रीच्या भाकरीला त्यांनी ठेचा मागितला. एवढंच, पण मागितला.

करुणा


गारखेडा, १५ जुलै

माऊली,

काल तू आलास. मला वाटलं नव्हतं. दाढी वाढलेली, आणि तो निळा शर्ट आता ढगळ होतो तुला. माझ्याकडं बघितलं नाहीस. मीही हाक मारली नाही.

तू जे बोललास ते मी ऐकलं. "आदेश भाऊसाहेबांचा होता. मॅडमनी मला सांगितला. पण शिट्टी माझ्या तोंडात होती." बाईंनी विचारलं, पहिला जबाब का बदलता, तर तू म्हणालास, "तोही सांगितलेलाच होता." एवढं बोलून तू निघून गेलास, पाणीही न पिता. म्हणून तुझ्या मागं काय झालं ते तुला माहीत नाही.

तू गेल्यावर भानुमती मॅडम उठल्या. म्हणाल्या, "मला आठवतंय." भाऊसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. तरी मॅडमनी फोनवरचं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. शेवटी म्हणाल्या, "त्यांनी मला धमकी दिली नव्हती. मी फोन ठेवल्यावरही मुलांना बसवू शकले असते. त्यांना तर ते दिसलंही नसतं." मग खाली बसल्या आणि बुद्धभूषण सरांकडं पाणी मागितलं.

अहवाल वर जाईल. तुझी नोकरी राहील असं मला वाटत नाही. मॅडमचं पेन्शन अडकेल. भाऊसाहेबांचं काय होईल ते कुणी सांगावं. बाहेर पडताना लोक त्यांच्यासाठी वाट करून देत होते. मीही देणार होते, पाऊल मागं गेलं होतं. मग तिथंच थांबले, आणि ते बाजूनं गेले.

तुला माफ केलं, असं मी लिहीत नाही. श्रेयाला जिना चढताना बघते तेव्हा माफी कुठं राहते ते सापडत नाही. पण तू परका झालास असंही आता वाटत नाही. जिथं तू उभा होतास तिथं मीही उभी राहून आले.

आज सकाळी श्रेयाला व्यायामाला नेलं होतं. एका रेषेवर पावलापुढं पाऊल टाकत चालायचं असतं. तिथल्या ताई चांगल्या आहेत, पण आज घाईत होत्या. म्हणाल्या, "अजून एक फेरी, चल बाळा, शाब्बास."

श्रेया थांबली. म्हणाली, "नाही. पाय दुखतोय."

"एकच. मम्मीला आवडेल बघ."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, ऐक गं ताईंचं. आयुष्यभर तेच शिकवलंय तिला, शहाण्या पोरी ऐकतात म्हणून. मी दात दाबून गप्प बसले. श्रेया रेषेवरून बाजूला झाली, भिंत धरून बाकापर्यंत आली आणि बसली. ताई हसल्या, उद्या करू म्हणाल्या. आभाळ काही कोसळलं नाही.

रिक्षात मी तिला म्हटलं, "मामा काल आला होता शाळेत. त्याला घरी बोलवायचं का?" पुढं एक अक्षर बोलले नाही. माझा चेहरा तिला रडवेला दिसू नये, हसराही दिसू नये म्हणून बाहेर बघत राहिले. जवाहर कॉलनी मागं पडली तरी ती विचार करत होती.

मग म्हणाली, "आज नाही. रविवारी."

"बरं."

"आणि तो रडायला लागला तर मी आत जाणार."

"जा."

तर रविवारी ये. ती सांगेल तिथं बस.

अक्का